लाल डबा, निळा डबा आणि डावा पिट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो अठ्ठेचाळीस वर्षं जुना असल्यामुळे वकिलांच्या मते धरायचा नाही. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना डॉक्टर हसले, हेही नमूद करतो.

कलम एक. राहतं घर, गॅलरीसकट, माझ्या पत्नीला. बँकेत जे असेल तेही तिलाच. गॅलरीतल्या कोरफडी तिच्याच आहेत. त्या निळ्या ऑइलच्या कापलेल्या डब्यांत लावलेल्या आहेत. लाल डब्यातल्या ऑइलचा एवढा कट्टर माणूस, त्याच्या गॅलरीत निळे डबे कसे, असं कोणी विचारील. त्याचा खुलासा कलम सहामध्ये आहे. आधीच तिकडे उडी मारू नये.

कलम दोन. सगळी हत्यारं माझ्या मुलीला. गेली बारा वर्षं गॅरेज खरं तर तीच चालवते, मी खुर्चीत बसून चुका काढतो. टॉर्क रेंच खिळे ठोकायला वापरायचा नाही. हे वाक्य जावयाला दोनदा वाचून दाखवावं. दहा नंबरचा पाना शेजारच्या वेल्डरला देत आहे. तो सहा वर्षं त्याच्याकडेच आहे आणि वेल्डर सहा वर्षं नाही म्हणतोय. आता पाना कायदेशीर त्याचा झाला, तेव्हा निदान उघड्यावर वापरावा.

कलम तीन. दारातली लोखंडी खुर्ची मास्तरांना. मास्तर गाडी महिन्यातून दोनदा बाहेर काढतात आणि सिंथेटिक ऑइलवर रोज वाद घालतात. इंटरनेटवरचे कागद छापून आणतात, खाली लाल रेघा मारून आणतात. माझ्यामागे ते कुठे बसणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

कलम चार. हे मुलीसाठी. गिऱ्हाईक विचारतं, "कुठलं ऑइल चांगलं?" त्याला आधी गाडीचं पुस्तक उघडायला लाव. त्यात जो ग्रेड लिहिला असेल तोच घालायचा, जाड घातलं की इंजिन जास्त टिकतं ही समजूत काढून टाक. डब्याचं सील बघ. भरलेल्या तारखेची चिठ्ठी दाराच्या आत चिकटव. आणि ठरलेल्या किलोमीटरला ऑइल बदल. सिंथेटिक आहे म्हणून जन्मभर पुरेल असं समजणारी गिऱ्हाइकं पुढे जाम झालेलं इंजिन घेऊनच येतात. हे शहाणपण मला उशिरा आलं, आणि ज्या वाटेने आलं ती चांगली नव्हती.

कलम पाच. गॅरेजवरची "इथे फक्त लाल डबा" ही पाटी माझ्यामागे नव्हे, हे मृत्युपत्र वाचून झाल्याबरोबर उतरवावी. शिडी मागच्या खोलीत आहे.

कलम सहा. आता मुद्द्याचं.

गॅरेज आमच्या वडिलांचं. गाडीखाली उतरून काम करायचे दोन खड्डे, म्हणजे पिट: उजवा माझा, डावा माझ्या धाकट्या भावाचा. सिंथेटिक ऑइल नवीन निघालं तेव्हा मी लाल डबा धरला, धाकट्याने निळा. कंपन्यांची नावं लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला! आम्ही बोटांत ऑइल चोळून वाद घातला, वास घेऊन वाद घातला. धाकट्याने थंडीत कुठलं आधी गोठतं ते बघायला दोन्ही ऑइलं आमच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये ओतली. त्या दिवशी माझ्या पत्नीने दोघांनाही जेवायला वाढलं नाही. तोपर्यंत सगळं हसण्यावारी होतं.

मग पैज लागली. माझ्या मेहुण्याच्या दोन टॅक्सी, एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या. एकीत लाल, एकीत निळं. दर दहा हजारांना बदलायचं, एक लाख किलोमीटर झाले की दोन्ही इंजिनं सगळ्यांसमोर उघडायची. ज्याचं इंजिन जास्त काळं, त्याने पिट आणि गॅरेजमधला आपला वाटा सोडायचा.

चाळीस हजारांना मी माझ्या टॅक्सीचं ऑइलचं झाकण काढलं. आत काळा लगदा. दोष ऑइलचा होता, की ती टॅक्सी दिवसभर थांबत-थांबत चालायची त्याचा, हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी तपासलंच नाही. मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी लांबच्या दुकानातून निळा डबा आणला आणि मेहुण्याला "हवा चेक करतो" सांगून त्याच टॅक्सीत ओतला. तेवढ्यानेही धीर आला नाही, म्हणून पुढचे साठ हजार दर पाच हजारांना बदलत राहिलो. हिशेबाने बारा डबे झाले. मी ते पाण्याच्या टाकीमागे लपवले होते, पत्नीने तिथून काढून त्यांत कोरफडी लावल्या. आज गॅलरीत अकराच आहेत. एक कुठे गेला ते तिलाही ठाऊक नाही.

इंजिनं उघडली तेव्हा माझं आरशासारखं होतं. धाकट्याचं बरं होतं, पण माझ्यापुढे काळंच. मी पाटी लावली. धाकटा हत्यारांची पेटी उचलून रस्त्यापलीकडे भाड्याच्या गाळ्यात गेला. एकोणीस वर्षं आम्ही फक्त गिऱ्हाइकांमार्फत बोलतो. "तुमच्या भावाला सांगा, हा क्लच त्यांनी चुकीचा बसवलाय." "त्यांना सांगा, तो बसवला तेव्हा बरोबर होता."

तर मी लिहून देतो, की दोन्ही इंजिनांत त्याचंच ऑइल होतं. माझ्या भावाला मी त्याच्याच ऑइलने हरवलं, तेही नियम मोडून. मी चुकलो. त्याच्याशिवाय मला एक दिवसही बरं वाटलेलं नाही. डावा पिट आणि गॅरेजची अर्धी मालकी माझ्यामागे त्याची. डाव्या पिटवर मी आजवर टायर रचले, गाडी एकही घेतली नाही.

पुरवणी. वरील मजकूर मी आज साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचायला घेतला. साक्षीदार दोन ठरले होते, मेहुणा आणि डॉक्टर. डॉक्टरांना उशीर झाला; वकील, मुलगी आणि जावई हजर होते. मेहुणा कलम सहाला उठून उभा राहिला. "भाऊजी, दोन वर्षं माझ्या टॅक्सीत काय ओतताय ते मला सांगितलं नाहीत?" मी म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत टॅक्सी स्टँडवर बोभाटा झाला असता." तो बाहेर गेला आणि पाच मिनिटांत धाकट्याला घेऊन आला.

धाकट्याने माझाच चष्मा लावून कलम सहा वाचलं. मग परत वाचलं. मग वकिलांना विचारलं, "दुसरा साक्षीदार कोण?"

"डॉक्टर यायचेत."

"मी करतो सही."

वकिलांनी समजावलं, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीची सही केली तर त्याचा वाटा जातो. धाकटा म्हणाला, "जाऊ दे. पिट नको मला. हे खरं आहे याच्याखाली माझी सही पाहिजे."

मी ओरडलो, "अरे गाढवा, अर्धं गॅरेज चाललंय!"

"तुझ्या मरणाची वाट बघत बसू का, दादा?" तो म्हणाला. एकोणीस वर्षांनी दादा म्हणाला. मला पुढे काही वाचता येईना, म्हणून उरलेलं मुलीने वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, द्यायचंय तर आत्ताच द्या ना काकाला." वकील म्हणाले, त्याला बक्षीसपत्र करावं लागेल, वेगळा कागद. तो उद्या होईल. डाव्या पिटवरचे टायर मेहुणा आणि जावई आत्ताच हलवत आहेत, आवाज ऐकू येतोय. कलम सहामधली वाटणी त्यामुळे रद्द, कबुली कायम.

पहिली गाडी माझी लागेल. ऑइल धाकटा निवडील. मी जवळ उभा राहून नावं ठेवीन, तेवढा हक्क मी राखून ठेवतो.

ठिकाण: गॅरेजचं ऑफिस, उजव्या पिटमागे.
दिनांक: दुसऱ्या महिन्याची अकरा, मंगळवार, दुपारी साडेबारा.

लिहून देणार: थोरला (सही)

साक्षीदार पहिला: मेहुणा, टॅक्सीमालक (सही). "मला काही मिळालेलं नाही, हे मी पाहिलं."

साक्षीदार दुसरा: धाकटा (सही). "कलम सहा दोनदा वाचलं. बरोबर आहे. बारावा डबा पंधरा वर्षांपूर्वी वाऱ्याने गॅलरीतून रस्त्यावर पडला. तो माझ्याकडे आहे. वहिनीची कोरफड जगली आहे."