आरशासमोरचा ठिपका

रविवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहून पुढच्या ओळीवर जावं तर पेन अडतंय. तुझ्या भावजयीने नवे पडदे लावलेत. घर अगदी दवाखान्यासारखं दिसतं, पण हे तिच्यासमोर बोलू नकोस.

मंगळवारी एका नव्या दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन बसवलं. माझी पद्धत तुला ठाऊक आहे: मशीन चालवून दाखवायचं तर शर्ट वर करून स्वतःचंच पोट पुढे करायचं. माझं यकृत जितक्या डॉक्टरांनी पाहिलंय, तितक्यांनी माझा चेहरा धड पाहिला नसेल.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण, मोजकं बोलणाऱ्या. त्यांना फुप्फुसाच्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला. मी पडल्या पडल्या हसलो. म्हटलं, बाई, तो खोटा. छाती आणि पोटाच्या मधलं पटल आवाजाच्या लाटा आरशासारखं परतवतं, त्यामुळे खालचं यकृत वरही उमटतं. मशीन फसतं, आपण फसायचं नाही. हे भाषण मी झोपेतही देईन.

त्या म्हणाल्या, "आरशातला खोटा, मान्य. मग आरशासमोरचा कुठे आहे?"

आणि हातातला प्रोब पोटावर खाली सरकवला.

मला स्क्रीन दिसत नव्हता, पण कान आहेत ना. चित्र थांबवायचं बटण वाजलं. मग मापाचं. टक, टक. ताई, मोजण्यासारखं काही असल्याशिवाय ते बटण कोणी दाबत नाही.

मग मी ग्राहकासमोर स्वतःच्याच मशीनला नावं ठेवली! श्वास रोखला, कुशीवर वळलो, प्रोब बदलायला लावला. कुशीवरून स्क्रीन दिसला: वरचा ठिपका पुसला गेला. खालचा, यकृतातला, तिथेच. दुसऱ्या दिवशी गोदामातल्या जुन्या मशीनवर स्वतःच पोटावर प्रोब फिरवून पाहिला. तिथेही तोच.

बाई म्हणाल्या, असे ठिपके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण सीटी स्कॅन केल्याशिवाय खात्री नाही. 'बहुतेक' हा शब्द मी माल विकताना इतका वापरलाय की आता माझाच त्याच्यावर विश्वास बसत नाही.

स्कॅन शुक्रवारी आहे. घरात कोणालाच माहीत नाही. ही विचारते, जेवत का नाही तुम्ही. मी सांगतो, नव्या मशीनची कटकट. सांगायला म्हणून स्वयंपाकघरात जातो आणि पाणी पिऊन परत येतो. बायकोसमोर शब्द न सुचण्याची ही माझी पहिलीच वेळ.

तू शेजारी बसलीस तर मला सांगता येईल. फोन मुद्दाम केला नाही, माझ्या आवाजावरून तू लगेच ओळखलं असतंस. म्हणून ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी पाठवतोय. तो खाली थांबलाय, त्याच गाडीने ये. त्याला काही ठाऊक नाही. वाटेत रडू नकोस.

खूप घाबरलेला,
तुझा धाकटा