आईच्या लुगड्याची झोळी

मुक्काम माहूरचं जंगल,
पौष, फसली १३४५

आईच्या पायांवर रखमाजीचं डोकं.

मी खुशाल आहे. मोजणीवाल्यांसंगं साखळी धरून रोज रान तुडवून राह्यलो. विंचूकाट्याची फिकर करू नको, मी जमिनीवर निजतच न्हाई. तू दिलेलं जुनं लुगडं दोन सागांना बांधतो अन् त्या झोळीत निजतो. आधी कंबर पार वाकून जायची. मंग जरा तिरपं निजून पाह्यलं, तर पाठ बराबर सरळ राह्यली. गारवा खालून लागतो, म्हणून घोंगडं पांघरायच्या ऐवजी अंगाखाली घेतो.

सकाळी पाय टेकले की आधी झोळी सोडतो. रिकामी हलू देत न्हाई. बाकीचे हसतात, हसू दे.

तुझ्या सुनेचे दिवस भरत आले असतील. नीट जेवते का? विहिरीवर पाठवत न्हाईस ना? हे लुगडं तू बाळासाठी ठेवलं होतंस अन् मीच घेऊन आलो, हे निजताना रोज मनात येतं.

मागच्या खेपेला आपण हौसेनं आधीच आढ्याला झोळी बांधल्ती. ती मलाच सोडावी लागली. यंदा आधी बांधू नको, आई.

जो हे वाचून दाखवील त्याच्याकडूनच जल्दी जवाब लिहून घे. पोरगा का पोरगी, ते मागून कळलं तरी चालंल. झोळी बांधली, एवढंच लिही.

तुझा
रखमाजी