पावसासाठी तोडलेली करडं

सांता क्लारा, अमेरिका,
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय लता,

तुझं पत्र उन्हाळ्यात आलं आणि उत्तर आत्ता लिहितोय, माफ कर. तीनदा लिहायला घेतलं नि फाडलं. तुझा दादा अतुल म्हणतो, आप्पा, फोन करा ना, एवढं टेन्शन कशाला? फोनवर मला सुचत नाही. मी चौथी शिकलेला, चुकलं तर समजून घे. पत्ता तोच आहे ना गं? की घर बदललंत?

इथे शेजारी डोमिंगो म्हणून म्हातारा आहे, आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरचा, लहानपणी शेळ्या राखलेला. जव भाजून, दळून, ते पीठ कालवून मला देतो. अगदी आपला सातू! तोंडात घातलं आणि माणच्या माळावर पोचलो. तू मेंढरांमागे धावायचीस, मुठीत गुळाचा खडा. तो म्हणतो, हे खाणं ग्वांचे लोकांचं. स्पॅनिश लोक येण्याआधी बेटावर तेच होते. गुहांत राहायचे, लांब काठी टेकून दऱ्या उतरायचे. लढाईत हरले, भाषाही गेली, पीठ तेवढं राहिलं.

परवा त्याने त्यांची एक रीत सांगितली, अतुल मला मराठीत सांगत होता. पाऊस नसला की ग्वांचे लोक आपले कळप डोंगरावर न्यायचे आणि करडं आयांपासून तोडून ठेवायचे. दोन्हीकडून ओरडा सुरू व्हायचा. तो ऐकून देवाला दया यावी. मी धनगर, तो आवाज माझ्या कानात बसलेला. मी विचारलं, पाऊस पडल्यावर करडं सोडायचे ना? डोमिंगो हसायलाच लागला. अतुल म्हणाला, ऑफ कोर्स आप्पा, नाहीतर काय उपाशी मारतील?

मी उठून घरात आलो.

लता, बहात्तरच्या दुष्काळात तुला सांगलीला मावशीकडे सोडलं, तेव्हा तू सात वर्षांची. पाऊस पडला की नेतो, म्हणालो होतो. पुढच्या वर्षी पडला. चांगला पडला. मी आलो नाही. तिथे तुला शाळा होती, दोन वेळचं जेवण होतं, हे खरं. पण आई नसलेली पोर सांभाळायला मला अवघड वाटली, हेही खरं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या लग्नातही पाहुण्यासारखा मागे उभा राहिलो.

जानेवारीत मी परत येतोय, कायमचा. अतुलला वाटतं, थेट गावी जाईन. मला आधी तुझ्या दारात यायचंय. येऊ का? नको असेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. पण लिही. टपालाला पंधरा दिवस लागतात, कधी जास्तच. लवकर कळव गं.

तुझाच,
आप्पा