गेणूच्या घराचे कलम

मी, गोटीराम सखाराम विधाते, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. मी थकलो आहे. वारसांनी यावरून भांडून मला मेल्यावरही थकवू नये.

१. राहते घर व मागची फुलांची वाडी चिरंजीव राज यास. शेवंती उपटून तिथे गाळे बांधायचा त्याचा विचार मला ठाऊक आहे. बांध बाबा. तेव्हा मी बघायला नसेन, तेवढीच सोय.

२. बँकेतील ठेव व माझी पत्नी कै. मालनबाई हिचे दागिने कन्या छाया हिला. "तिला लग्नात दिलंय की" हे वाक्य राजने पुन्हा काढू नये.

३. अमेरिकेच्या यादवी युद्धाचा मी काढलेला कापडी नकाशा माझे सहकारी कुंदन सर यांना. ते युद्ध जकातीवरून झाले, असे ते अठ्ठावीस वर्षे स्टाफरूममध्ये सांगत आले. फुटून निघालेली दक्षिणेची अकरा राज्ये नकाशात खाकी आहेत. का फुटलो, ते त्यांतल्या काहींनी स्वतःच लिहून ठेवले आहे: गुलामगिरी टिकवायची होती म्हणून. सरांनी नकाशा भिंतीला लावावा आणि रोज बघावा.

४. गावठाणातील दोन खोल्यांचे घर. हे कलम मी खोडले आहे, शेजारी सही आहे. कारण पुढीलप्रमाणे.

गेणू भोये पेठ तालुक्याकडचा, माझ्या वडिलांपासून आमच्याकडे सालगडी. सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते. दर पाडव्याला वडील त्याला म्हणत, "पुढच्या पाडव्याला घर तुझ्या नावावर करू." ते गेल्यावर मी म्हणू लागलो. गेणू शाळेत माझा डबा आणायचा आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभा राहायचा. ते युद्ध त्याला वर्गातल्या पोरांपेक्षा जास्त पाठ होते. १८६१च्या एप्रिलात किल्ल्यावर पहिली तोफ, मग उत्तरेचे पराभवामागून पराभव, १८६३च्या जानेवारीत मुक्तीचा जाहीरनामा, जुलैत गेटिसबर्ग, पुढे दक्षिणेत जाळपोळ, १८६५च्या एप्रिलात शरणागती. तिथे मी फळा पुसायचो.

एकदा परतताना त्याने विचारले, "गुरुजी, ते लोक सुटले, पण त्यांना जमीन भेटली का?"

मला उत्तर ठाऊक होते. एका सेनापतीने समुद्रकाठची जमीन त्यांना तोडून दिली होती. मग राष्ट्राध्यक्षाचा खून झाला, नवा आला, आणि वर्ष सरायच्या आत बरीचशी जमीन जुन्या मालकांना परत गेली. मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही." १९९१ साली गेणू माझ्या नावावरच्या घरात वारला. मला याची लाज वाटते.

म्हणून ते घर माझ्या पश्चात त्याची बायको लंकाबाई हिला मिळावे, असे इथे लिहिले व तिला वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हंजी पुन्हा पुढच्याच पाडव्याला ना, गुरुजी?"

मी चिडलो. म्हटले, "वकिलाला विचारून लिहिलंय."

"राजभाऊ लय हुशार हाय. तुमी हाये तवर द्या, नायतर राहू द्या."

तिसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली. पाडवा आठवड्यावर आला होता, त्यासाठी थांबलो नाही. काल दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बक्षीसपत्र नोंदवले. राजला कोर्टात जायचे असेल तर माझ्या हयातीत जावे, मी हजर राहीन.

सबब या मृत्युपत्राने लंकाबाईला काहीही मिळत नाही. ज्याला काही मिळायचे असते त्याला साक्षीला घेऊ नये, असे वकील म्हणाले. तिच्या साक्षीला हरकत येत नाही.

स्थळ: नाशिक. दिनांक: २८ मार्च २००३.

(सही) गो. स. विधाते

साक्षीदार:

१. डॉ. शुभांगी मंडलिक (सही), दाखला देणाऱ्या

२. लंकाबाई गेणू भोये (डाव्या हाताचा अंगठा), राहणार स्वतःचे घर, गावठाण, मखमलाबाद