टायमिंग मीच बसवलं होतं

सेलू, बुधवार

प्रिय प्रफुलदादा,

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तूही बाबांशी बोलताना फोन माझ्या हातात येऊ दिला नाहीस. आधी घरची बातमी सांगते. आईचे गुडघे तसेच आहेत. बाबांचा उजवा हात आता इतका कापतो की पाना बोल्टवर बसत नाही. आणि केळझरच्या मधुकररावांची ती लाल, जाड चाकांची एटीव्ही, त्यांच्या शेतावर पर्यटकांना फिरवणारी, पुन्हा आपल्या वर्कशॉपमध्ये आली आहे.

बाबांनी आधी तुलाच बोलावलं होतं. पण तू पडलास नागपूरचा मोठा मिस्त्री, तुला दिवाळीपर्यंत सवड कुठली! मग नाइलाजाने त्यांनी ते इंजिन माझ्यापुढे सरकवलं. तीन वर्षं काउंटरवर ऑइलचे डबे विकणाऱ्या मुलीपुढे. स्वतः खुर्ची टाकून शेजारी बसले, माझी चूक पकडायला.

तुला तो दिवस आठवतच असेल. हीच गाडी, हेच इंजिन. पिस्टन वर आणून मॅग्नेटवरची टी खूण मी जुळवली. कॅमच्या दातेरी चाकावरच्या रेघा हेडच्या काठाशी सरळ आणल्या, चेन चढवली, बोल्ट कसले, टायमिंग बसलं. राहिला होता चेन ताणून धरणारा टेन्शनर, आणि तो तुझ्याकडे होता. तू कानाशी फोन धरून तो बसवलास आणि त्याची स्प्रिंग मोकळी करायला विसरलास. हाताने दोन फेरे फिरवून बघू, असं मी म्हटलं तर तू खेकसलास, ‘काऊन टाइम खराब करून राह्यली?’ आणि सेल्फ मारलास. ढिली चेन दात सोडून पळाली, दोन्ही वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. मधुकररावांसमोर तू एवढंच म्हणालास की टायमिंग हर्षानं बसवलं होतं. शब्द खरा होता, म्हणून तर तो इतका लागला. पुढे इंजिन तूच खोललंस, आणि टेन्शनर काढताना स्प्रिंग गुपचूप मोकळी केलीस. मी पाहत होते. बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं, तर ते म्हणाले, ‘भावावर नाव टाकतं का?’ आणि दुसऱ्या दिवसापासून मला काउंटरवर बसवलं.

परवा मी टेन्शनर मुद्दाम तुझ्यासारखा बसवला. बाबांचं कापतं बोट चेनवर ठेवलं. चेन लोंबत होती. मग स्प्रिंग सोडली, चेन ताठ झाली. बोट त्यांनी बराच वेळ काढलं नाही. त्या दिवशी टेन्शनर कोणी बसवला होता, एवढंच त्यांनी विचारलं. मी तुझं नाव घेतलं. या वेळी ते रागावले नाहीत, पण ‘हो’ही म्हणाले नाहीत. मी इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, खुणा जुळल्या, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, तरी ते म्हणाले, ‘प्रफुललाच विचारतो.’ अजूनही माझ्या शब्दापेक्षा तुझा शब्द त्यांना जड वाटतो. याचा मला तुझ्याइतकाच त्यांचाही राग आहे.

रविवारी मधुकरराव गाडी न्यायला येतील. त्यांच्यासमोर बाबा तुला फोन लावणार आहेत, स्पीकरवर, आणि टेन्शनर कोणी बसवला होता, हाच प्रश्न विचारणार आहेत. तुला आधी कळता कामा नये, असं त्यांनी मला बजावलंय. तरी मी कळवतेय. तू माझी कीव करून खरं बोलावंस म्हणून नाही. बेसावध सापडलास तर एका मिनिटात सुटशील, आणि तेवढ्यावर माझं समाधान होणार नाही. खोटं बोलायचं असेल तर नीट ठरवून बोल, खरं बोलायचं असेल तर तेही. हे पत्र उद्या तुझ्या हातात पडेल. तिथून रविवारपर्यंत, आपले बाबा कोणावर विश्वास ठेवतील या विचाराने तुझा घास घशाखाली उतरू नये. माझा तीन वर्षं उतरला नाही.

तुझीच सख्खी बहीण,
हर्षा