माय मोठ्यानं बोलली

हिंगणी, १९५६

प्रेमदासचे बाबा, तुमाले जयवंताचा जयभीम.

तुमी चांद्याच्या कोळसा खाणीत गेले अन् तुमचा पत्ताच नाई. हे पत्र टाकू कुठं? तरी लिहून राह्यली.

दसऱ्याले आमी नागपूरले गेलतो, बुद्धाचा धम्म घ्याले. पांढरं नेसून या, असा निरोप होता. पण तुमच्या मायनं माया हातातलं पांढरं लुगडं हिसकलं. "सवाष्ण बाईनं पांढरं नेसू नाई. माया पोरगा जिता हाय!" मंग दोघी हिरव्या लुगड्यातच गेलो.

मैदानात मायचे पाय थांबले. नजर जाईल तिथवर पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, नव्यानं लगीन झालेल्या पोरीसुद्धा. "एवढ्या बायाइले भेव नाई?" माय म्हणे. तेवढ्यात लाखो माणसं एका आवाजात प्रतिज्ञा म्हणाले लागले. जमीन घुमली, माया अंगावर काटा आला. पाहलं तं माय सगळ्याइत मोठ्यानं म्हणत होती. डोये भरलेले, मान वर.

गावात परतलो तवा पाटलाच्या घरासमोर मी सवयीनं वहाणा हातात घेतल्या.

"घाल पायात," माय म्हणे, अन् वहाणा वाजवत पुढं निघाली.

तुमी जिथं असान तिथं ताठ चालजा.

तुमच्या मायच्या मागं चालणारी,
जयवंता