थोरल्या जाऊबाईंची स्मरणशक्ती

रविवार, संध्याकाळ. रहिमतपूर.

पुतण्याच्या मुलीच्या बारशाहून आले तेव्हापासून जळते आहे. पाळण्यापाशी सख्ख्या नणंदेला हाक मारायला गेले आणि तिचं नावच आठवेना. तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली मी, तोंड उघडून नुसती उभी. थोरल्या जाऊबाईंनी चटकन "शालन" म्हणून हाक मारली, वर तिच्या पाचही नातवंडांची नावं घेऊन चौकशी केली. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, आणि अंगठेबहाद्दर.

वर्षभर मी रोज भिजवलेले अक्रोड खाते. साखर सोडली, सकाळी फिरते, शब्दकोडं सोडवते. त्यांनी जन्मात अक्रोड चाखला नसेल. भाकरी, मेथी, ताक, बस्स. मग असं का?

परतताना न राहवून विचारलंच. त्या हसल्या. "अगं, मी रोज सांजच्याला चार घरी जाऊन बसती. कोण आजारी, कुणाची लेक आली, इचारती. मग इसरंल कशी? तू दार लावून कोडी सोडवतीस. उद्या चल की माझ्यासंगं."

गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा अजिबात दुखत नाही. पण चारही घरी सगळ्या त्यांच्याशीच बोलणार, आणि मी शेजारी बसून ऐकायचं, ते मला सोसणार नाही.